झाकण न उघडता

आमच्या घरमालकांसमोर ‘मला वाटतं’ म्हणायची सोय नव्हती. चुकून कुणी म्हटलंच, तर हातातला घास तसाच ठेवून ते विचारत, “वाटतं, की आहे?” मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांच्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहिले. जेवणही काकूंकडेच असे. तेवढ्या काळात आमटीत मीठ कमी ‘वाटायचं’ माझं बंद झालं. एक तर ते कमी असे, नाही तर मी गप्प बसे.

सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. न्यायशास्त्राचे पंडित. दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी गोष्ट बरोबर कशी ओळखायची, हा त्यांचा जन्मभराचा विषय, आणि पाठशाळेत रोज सकाळी ते तोच शिकवत. पणजोबा कोकणातून काशीला आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी होती, पण गंगेचं पाणी प्यालेली. काकू भाजीला सब्जी म्हणत आणि ‘जरा’च्या जागी ‘तनिक’. शास्त्रीबुवा बोलता बोलता संस्कृतात शिरत आणि रागावले की थेट बनारसीत उतरत. अंगानं वाळके, उंच, आणि कान असे पुढे आलेले की हा माणूस सतत काहीतरी ऐकतोय अशी समजूत व्हावी. ती खरीही होती.

या माणसाला मोटारींच्या इंजिनांचं वेड होतं.

स्वतःची गाडी कधी नव्हती, घ्यायची इच्छाही नव्हती. पान्याला जन्मात हात लावला नव्हता. सोवळंओवळं कडक, तेलकट वस्तूला शिवणं शक्यच नाही. हौस एवढीच, की बिघडलेली गाडी दिसली की झाकण न उघडता तिच्या पोटात काय झालंय ते सांगायचं. याची सुरुवात कशी झाली ते काकू रंगवून सांगत. दोघं विंध्याचलाहून लॉरीनं परत येत होती. लॉरी दर चार-पाच मैलांवर बंद पडे. ड्रायव्हर खाली उतरे, नळीत फुंकर मारी, शिव्या देई, बिडी ओढी. बिडी संपेपर्यंत लॉरी पुन्हा चालू होई. तिसऱ्या वेळी शास्त्रीबुवा खाली उतरले आणि ड्रायव्हरची उलटतपासणी सुरू झाली. किती वेळ चालते? किती वेळ थांबली की पुन्हा चालते? परवा असं होत होतं का? नव्हतं, तर परवापासून गाडीत नवीन काय आलं? ड्रायव्हर वैतागून म्हणाला, नवीन काही नाही, पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं होतं तेवढं बसवलं. जुन्या झाकणाला भोक होतं का, असं यांनी विचारलं. होतं बारीकसं. नव्याला? नव्याला नव्हतं.

“झाकण सैल कर आणि चल,” शास्त्रीबुवा म्हणाले.

लॉरी काशीपर्यंत एकदाही थांबली नाही. अभिषेकपात्राचं तोंड गच्च दाबलं की खालची धार थांबते, हे रोज पूजा करणाऱ्याला कळायला मोटार शिकावी लागत नाही, असं ते नंतर म्हणत. ड्रायव्हरनं त्यांचे पाय धरले आणि मिर्झापूरपासून मुगलसरायपर्यंत ही गोष्ट पोचवली.

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी, कचोरीवाल्याच्या दुकानापुढे, आठवड्यातून एकदा तरी एखादी आजारी मोटार उभी असे. पाठशाळेतून परतताना शास्त्रीबुवा तिच्यापासून चार हात लांब उभे राहत. आधी मालकाला प्रश्न. मग धूर बघायचा, वास घ्यायचा. सगळ्यात शेवटी हातातली वेताची काठी पुढे करून तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं कानाला. काठीतून विटाळ येत नाही, असं त्यांचं मत होतं. काकूंचं मत वेगळं होतं, म्हणून काठी रात्रंदिवस उंबऱ्याबाहेर असे. मग ते डोळे मिटून निर्णय देत आणि कचोऱ्या खाणारी मंडळी “वाह महाराज” म्हणत. निर्णय दहातले आठ बरोबर निघत. उरलेल्या दोनांची आठवण कुणी ठेवत नसे, आणि मला वाटतं त्यांनाही ती राहत नसे. इथे ‘वाटतं’ म्हणायला हरकत नाही. आता विचारणारं कोणी नाही.

मी रामनगरच्या दवाखान्यात सुईणीच्या कामावर होते. दवाखाना नदीपलीकडे आणि बाळंतिणी आसपासच्या खेड्यांत. एक्का वेळेवर मिळत नसे, मिळाला तर घोडा मनात येईल तेव्हा उभा राही. लढाई संपली तेव्हा अमेरिकन पलटणीनं कलकत्त्याकडचा माल लिलावात काढला. रेल्वेत नोकरीला असलेल्या माझ्या भावानं त्यातली एक स्कूटर घेऊन पार्सलनं मला पाठवली. दोन छोटी चाकं, मध्ये पाय ठेवायला फळी, सीटखाली पेटीसारखं इंजिन. काशीत असली गाडी कुणी पाहिली नव्हती आणि तिच्यावर बसलेली लुगडं नेसलेली बाई तर नव्हतीच. पहिले आठ दिवस गोदौलियाच्या चौकात माझ्यामुळे एक्के एकमेकांवर आदळले. शास्त्रीबुवांना मात्र बाईचं नवल नव्हतं. त्यांचं नवल एवढंच, की एवढ्याशा पेटीत मोटारीचं अख्खं इंजिन मावलं कसं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी देताना एक अट घातली होती. एकदा जरी अपघात झाला, तरी गाडी बंद आणि पुन्हा एक्का.

आणि मी ती पाण्यात पाडली.

पावसाळ्यात नदीवरचा तरंगत्या पिप्यांचा पूल काढून ठेवत, तेव्हा नगव्यापुढच्या उतारावरून नावेत गाडी चढवायची आणि पलीकडे उतरवायची. भाद्रपदात रामनगरच्या काठाला दोन नावाडी ती फळीवरून उतरवत असताना फळी सरकली. स्कूटर हँडलपर्यंत गंगेत बुडाली. पुढच्या खेड्यात एक पहिलटकरीण दोन दिवस अडलेली होती. मी गाडी काठावर ओढून घेतली आणि तशीच चालत गेले. मुलगी झाली, आई वाचली. संध्याकाळी परत येऊन गाडी पुसली, प्लग वाळवला, पेट्रोल बदललं आणि लाथा मारल्या. ती सुरू झाली. मी म्हटलं, झालं. नावाड्यांना गप्प राहायला सांगितलं आणि पुढचे आठ दिवस रोज ती चालवली.

मग तेल बदलायला रहमत मिस्त्रींकडे नेली. आमच्या गल्लीतून गोदौलियाकडे निघालं की उजव्या हाताला त्यांचं दुकान. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी खालचं बूच सैल करून जुनं तेल भांड्यात काढलं आणि भांडं उजेडाकडे धरलं. तेल काळं असायला हवं होतं. ते ताकासारखं पांढुरकं होतं.

“बहिनजी, इंजन में पानी गया था?”

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. इंजिन दोनदा तेलानं खंगाळलं, नवं तेल घातलं आणि काही त्रास झाला तर लगेच घेऊन या म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्रास झाला. सीटखालून आवाज यायला लागला, कुणी आतून दार ठोठावतंय असा. मी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि पाठशाळा सुटायची वेळ असल्यानं शास्त्रीबुवा तिथे आलेच.

त्या दिवशी कचोरीवाल्याकडे गर्दी होती. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. आवाज कधीपासून? दोन दिवस. त्याआधी कुणी हात लावला होता? मिस्त्रींनी तेल बदललं, पंधरा दिवस झाले. त्याआधी आवाज होता? नव्हता. गाडी पडली, आपटली, पाण्यात गेली? आजूबाजूला वीस माणसं उभी होती आणि त्यातला एक आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर होता. मी म्हटलं, “नाही.”

शास्त्रीबुवांनी काठी कानाला लावून डोळे मिटले. मिस्त्रीनं पातळ तेल घातलं, असं ते म्हणाले. पातळ तेलानं सिलिंडर आणि आतल्या कड्या घासल्या गेल्या आणि सिलिंडरात वरखाली होणारा गट्टू सैल झाला, म्हणून हा आवाज. मिस्त्रीचा हात लागण्याआधी इंजिन निरोगी, लागल्यावर रोगी, मग कारण दुसरं कुठून येणार?

“वाह महाराज,” मंडळी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ते बोलणं गोदौलियापर्यंत पोचलं, आणि पोचेपर्यंत ‘पातळ तेल’चं ‘भेसळीचं तेल’ झालं होतं. दंग्यांच्या त्या साली कुणाविषयीही काहीही चटकन खरं मानायची लोकांना सवय लागली होती. रहमत मिस्त्री स्वतः येऊन उभे राहिले तेव्हा मी गाडीपाशीच होते. कचोरीवाल्यानं हसत हसत सगळं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या हँडलकडे पाहत राहिले. ते खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत परत गेले.

पुढचे दिवस वाईट गेले, माझे आणि शास्त्रीबुवांचेही. माझी कारणं मला माहीत होती. त्यांना काय सलत होतं ते हळूहळू बाहेर आलं. गट्टू सैल झाला तर तेल वर चढून जळायला हवं आणि निळा धूर यायला हवा. या गाडीचा धूर निळा नव्हता. सकाळी इंजिन थंड असताना त्यांनी मला गाडी सुरू करायला लावली आणि दुपारी दोन मैल फिरवून पुन्हा. थंड असताना आवाज बारीक आणि तापल्यावर मोठा. गट्टूचा दोष असता तर उलट झालं असतं. तापल्यावर लोखंड फुगतं, फट भरते, आवाज कमी होतो. म्हणजे दोष वर नव्हताच. तो खाली होता, गट्टूचा दांडा जिथे फिरत्या आसाला धरतो त्या जागी.

“निर्णय चुकला,” असं ते ताटावर बसून म्हणाले. काकूंनी वरण वाढायचं थांबवलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं.

शास्त्रीबुवा पुढे बोलतच राहिले. खालचा भाग पंधरा दिवसांत झिजायला नुसतं पातळ तेल पुरत नाही. मग काय झालं? त्यांनी गाडीवालीला विचारलं, धूर विचारला, आवाज विचारला. आता आणखी कुणाला विचारायचं राहिलं?

“त्या मिस्त्रीला विचारलंत का हो?” काकू म्हणाल्या.

शास्त्रीबुवांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, उद्या सकाळी जाऊन विचारतो.

त्याच दिवशी एक्क्यातून येताना मी रहमत मिस्त्रींच्या दुकानावरून आले होते. एरवी तिथे दोन-तीन मोटारी तरी असत. तेव्हा एकही नव्हती. ते वस्तू घट्ट पकडायचा आपला लोखंडी शिकंजा लाकडी बाकावरून काढत होते, आणि एक्केवाला म्हणाला होता की मिस्त्री सगळं विकून कानपूरला भावाकडे चाललेत.

“त्यांना विचारू नका,” मी म्हटलं. “मलाच विचारा.”

मी सगळं सांगितलं. फळी, नदी, ताकासारखं तेल, दोनदा उच्चारलेलं ‘नाही’. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं होतं शास्त्रीबुवा बनारसीत उतरतील. त्यांनी हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“तू भिऊन खोटं बोललीस,” ते म्हणाले. “मी कशाला घाईनं बोललो? चार माणसं ऐकत होती म्हणून.”

दुसऱ्या दिवशी पाठशाळेत सुट्टी सांगून त्यांनी मला गाडी ढकलत न्यायला लावली. सुरू करायची नाही, आतलं आणखी झिजेल. ते शेजारून चालत होते. मागे कचोरीवाल्याचं अख्खं गिऱ्हाईक. रहमत मिस्त्री अवजारं पोत्यात भरत होते. दुकानाच्या पायरीखाली उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा पाठशाळेच्या आवाजात शास्त्रीबुवा म्हणाले, “मिस्त्रीजी, मैंने आपके बारे में जो कहा, वह गलत था. आपसे पूछे बिना कहा था.”

मग माझी पाळी होती. माझा आवाज तेवढा चढला नाही, पण कंपाउंडरला ऐकू गेला एवढं नक्की.

आधी इंजिन बघू, रहमत मिस्त्री म्हणाले. त्यांनी प्लग काढला, त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मला लाथ मारायला सांगितली. हवेनं अंगठा उडाला. म्हणजे वरचा भाग, गट्टू आणि कड्या, ठीक. मग सायकलच्या चाकाची एक तार त्या भोकातून आत सोडली. ती गट्टूच्या डोक्यावर टेकली. इंजिनाचं बाहेरचं चाक हातानं जरासं मागेपुढे केलं. चाक हललं. तार हलली नाही. आणखी थोडं हललं, तेव्हा कुठे तार उचलली गेली.

शास्त्रीबुवा केव्हाच पायरी चढून आत गेले होते. “चाक आणि गट्टू यांच्या मध्ये फट आहे,” ते मराठीतच पुटपुटले. “एवढ्याशा तारेनं सांगितलं.” मिस्त्रींनी तारेचं टोक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते चिमटीत घेतलं, चाक पुन्हा हलवायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा. पाच-सहा वेळा तरी. लोक कंटाळून जायला लागले.

शेवटी तेल काढून पांढऱ्या कापडावर पसरलं, तेव्हा त्यात चांदीच्या वर्खासारखे कण चमकत होते. दांड्याच्या खालच्या कवचाचा पांढरा धातू झिजून तेलात आला होता. पाणी मिसळलेल्या तेलावर मी आठ दिवस गाडी हाकली, त्या आठ दिवसांचं ते काम.

रहमत मिस्त्री कापडावरून बोट फिरवत मग बोलले. त्यांना पाण्याचं पहिल्याच दिवशी कळलं होतं. बहिनजी नाही म्हणाल्या, तेव्हा काही अडचण असेल असं धरून ते गप्प राहिले. गल्लीच्या तोंडाशीही त्याच कारणानं बोलले नाहीत. मग शास्त्रीबुवांकडे वळले.

“आपसे एक ही शिकायत है, शास्त्रीजी. मेरी दुकान आपके घर से दो सौ कदम पर है.”

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. मिस्त्रींनी शेवटी पोत्यातून पाना बाहेर काढला आणि इंजिन उघडायला बसले. शिकंजा संध्याकाळी पुन्हा बाकावर चढला.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं, कंपाउंडरच्या आधी पोचायची धडपड करून. मी आपणहून सांगितलं म्हणून त्यांनी गाडी दोनच महिने बंद ठेवली. तेवढा वेळ मिस्त्रींना लागणारच होता. नवा धातू ओतून, घासून, बसवून त्यांनी इंजिन असं केलं की ते कलकत्त्याहून आलं तेव्हाही एवढं शांत नव्हतं. त्यांनी गाडी माझ्या हाती देताना एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी पाणी गेलं तर सांगा, मी कुणाला बोलणार नाही.

मोटारी पुन्हा त्यांच्या दुकानाकडे वळल्या. कारण असं की शास्त्रीबुवा त्या स्वतः तिकडे नेत. गल्लीच्या तोंडाशी पूर्वीसारखेच उभे राहत, प्रश्न विचारत, धूर बघत, काठी कानाला लावत. डोळे मिटत. मंडळी कचोरी हातात धरून वाट बघत, पण निर्णय काही येत नसे. ते मालकाला म्हणत, चला, आणि मोटारीपुढे चालत दोनशे पावलं जात. तिथे मिस्त्रींच्या कानाशी वाकून आपला निर्णय सांगत, दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. चुकला तर दोघांतच राहावा, हा हेतू.

तो दोघांत राहत नसे. निर्णय बरोबर असला की रहमत मिस्त्री नुसती मान हलवत आणि कामाला लागत. चुकला की त्यांना हसू येई, आणि त्या अबोल माणसाचं हसू असं मोठं होतं की कचोरीवाल्यापर्यंत ऐकू जाई. मी काशी सोडेपर्यंतच्या वर्षभरात ते चार वेळा हसले. आकडा माझ्या लक्षात राहिला याचं कारण, प्रत्येक वेळी शास्त्रीबुवा घरी येऊन पंचांग मागत आणि त्या तिथीवर कुंकवाचं बोट उठवत. काकू विचारत, आज कसला सण?

“आज मिस्त्री हसले,” ते म्हणत, आणि फार खुशीत जेवायला बसत.